पंगतीतलं ‘नाही’

केळझरच्या गणपतीच्या भंडाऱ्यात वाढायला मी आपणहून नाव दिलं, तेव्हा वहिनी पोळी लाटता लाटता थांबली. पंचविशी उलटली तरी मी कुणाच्या लग्नात जेवलो नव्हतो. कचेरीत नकला उतरवायचं काम मला छान जमे, कारण कागद गलका करत नाहीत की अंगाला घासत नाहीत. या स्वभावाला स्वमग्नता म्हणतात, हे पार म्हातारपणी एका डॉक्टरनं सांगितलं. तेव्हा गावात ‘तुसडा’ एवढाच शब्द होता, आणि तो मला झोंबायचा. हे जमलं नाही तर पुन्हा माणसांत जायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

आठ दिवस अंगणात रिकामी बादली घेऊन सराव केला. वाकायचं, पळी उपडी करायची, पुढे सरकायचं. वहिनी हसायची, पण समोर पत्रावळी मांडून द्यायची.

भंडाऱ्याच्या दिवशी पंगत बसली. केवढा तो कल्ला! वाढप्यांवर देखरेख करणाऱ्या गुरुजींनी बुंदीची बादली हातात दिली. पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला विचारलं, “वाढू?” प्रत्येकानं हात आडवा केला, “नाई, नाई, पुरे.” मी पुढे सरकलो. अख्खी रांग झटक्यात संपली आणि मी खूश!

गुरुजींनी दंड धरला. कुणी धरलं की मला चटका बसतो.

“बादली भरलेली काऊन वापस आनली?”

“ते नाही म्हणाले.”

“अरे, मानूस तोंडानं हो म्हनन का? आग्रह करा लागते!”

“मग खरंच नको असेल तर ओळखायचं कसं?”

मी मनापासून विचारलं होतं. सगळी पंगत हसली. कान भणभणायला लागले. बादली टाकून पळून जावंसं वाटलं. गुरुजींनी ढकललं तेव्हा मी मान खाली घालून सरसकट वाढत सुटलो. शेवटच्या म्हाताऱ्या बुवांनी दोन्ही हात पत्रावळीवर धरले होते. मी त्या हातांवरच बुंदी ओतली.

“मले गोड चालत नाई, बापा,” ते हळूच म्हणाले. प्रसाद टाकायचा नाही म्हणून एकेक दाणा खाऊ लागले. मला रडू फुटलं. मी त्यांच्यासमोर ओंजळ धरली. त्यांनी उरलेली बुंदी तीत ओतली, त्यांची चिकट बोटं माझ्या हाताला लागली, आणि मी ती उभ्यानंच खाल्ली.

“पुढच्या साली येजो,” ते म्हणाले.

हे खरं की तोंडदेखलं? वर्षभर मला कळेना, आणि वर्षभर भीती वाटत राहिली. तरी गेलो, पुन्हा बुंदीची बादली घेतली. बुवा रांगेच्या सुरुवातीलाच बसले होते. मला बघून त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

“नाई.”

मी पुढे सरकलो.