काकांच्या पिंपातली कोंबडी

माझे काका वेल्डर. वर्कशॉपमध्ये दिवसभर ठिणग्या अंगावर घेतल्या तरी घरी आल्यावर त्यांचे हात काही स्वस्थ बसायचे नाहीत. मागच्या अंगणातलं पिंप त्यांनीच तयार केलेलं. खाली विस्तवासाठी दार, मध्ये जाळी, झाकणावर वीतभर चिमणी. दर रविवारी त्यात एक अख्खी कोंबडी चार तास धुरावर शिजायची आणि आम्ही सगळे त्या पिंपाभोवती घुटमळत राहायचो.

आदल्या दिवशी कोंबडी मिठाच्या पाण्यात मुरवायची आणि सकाळी वाटण चोळायचं, हे काकूचं काम. पहिल्याच घासाला "लसूण जास्त झालाय" म्हणायचं, हे काकांचं. मग काकू म्हणायची, "पुढच्या वेळी स्वतः सोला," आणि जेवण सुरू व्हायचं.

गेल्या हिवाळ्यात काका तापाने आडवे झाले. ताप गेला, पण वास आणि चव सोबत घेऊन गेला. ते परत येतील की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

उठून बसल्याबरोबर काकांनी पिंप पेटवलं. वर्कशॉपमध्ये मोडलेल्या खोक्यांच्या फळ्या पडल्या होत्या, त्याच जाळल्या. चिकट, राळेचं लाकूड. एरवी काकांनी ते नुसतं हुंगून फेकलं असतं. कोंबडी कडूजहर झाली.

"कशी झालीये?"

"एक नंबर!" आम्ही एका सुरात म्हणालो. आजारातून उठलेल्या माणसाचं मन कोण मोडणार? मी तर शहाणपणा करून दुसरा तुकडा मागून घेतला. त्याचं फळ लगेच मिळालं. इतकी आवडली म्हणून काकांनी पुढच्या रविवारीही त्याच फळ्या आणल्या. आणि त्याच्या पुढच्याही.

चौथ्या रविवारी आत्या आली. ही काकांची थोरली बहीण, तोंडाने फटकळ. एक घास खाल्ला आणि म्हणाली, "अरे, कोंबडी केलीस की काढा?"

काकांनी एकेकाकडे पाहिलं. आम्ही ताटात डोकं घातलं. "म्हणजे चार रविवार तुम्ही सगळे..." एवढंच बोलून ते उठले. कोंबडी बिघडल्याचं त्यांना तितकं लागलं नव्हतं. आम्ही त्यांना सांभाळून घेतलं, ते लागलं. मला माझीच भयंकर चीड आली.

दुसऱ्या दिवशी काका पिंप कापायला कटर घेऊन आले. काकू आडवी उभी राहिली.

"अहो, लोखंड किती तापलंय हे तुम्ही हुंगून सांगता का?"

"रंगावरून कळतं."

"मग धूरही रंगावरून बघा. लाकूड मी हुंगते."

काकांनी कटर खाली ठेवला. मग म्हणाले, "एका अटीवर. यापुढे या घरात कुणी खोटं बोलायचं नाही."

रविवारी शेजाऱ्यांकडच्या पेरूच्या वाळक्या फांद्या आल्या. काकूने एकेक हुंगून दिली. काका स्टूल टाकून चिमणीसमोर बसले. दाट पांढरा धूर निघाला. "थांबा अजून." अर्ध्या तासाने तो विरळ, निळसर झाला. "हां, आता ठेवा." चार तासांनी तंगडी धरून फिरवली तर सांध्यातून अलगद सुटली आणि आतून स्वच्छ रस आला.

आम्हीही अट पाळली. "कातडी चिवट झालीये." "छातीकडे मीठ पोचलं नाही." काका मान डोलवायचे आणि पुढच्या वेळी नेमकं तेवढं सुधारायचे. स्वतः मात्र कापूस चावावा तसे खायचे. एक तक्रार आम्ही सगळेच दर रविवारी करायचो: लसूण फारच होतोय. काकू ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

असे कितीतरी रविवार गेले. मागच्या रविवारी आत्याही आली होती. काकांनी पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबले. दुसरा घेतला. भुवया आक्रसल्या.

"लसूण जास्त झालाय."

आत्याच आधी सावरली. "खरं बोलतोयस ना? अट तुझीच आहे."

"अगं, खरंच! केवढा घातलाय हा!"

काकूने हातातलं भांडं खाली ठेवलं. "दर रविवारी एक पाकळी वाढवत होते," ती म्हणाली. "कधीतरी ओरडाल म्हणून." तिला नेहमीचं उत्तर द्यायचं होतं, पण रडू आवरेना. शेवटी तिच्या वतीने मीच काकांना म्हटलं, "पुढच्या वेळी स्वतः सोला."