शेवटून दुसरं वचन

माझा भाऊ हेस्केल पिंजारी. जेरुसलेमच्या गल्ल्यांतून गाद्या पिंजण्यात त्याचा जन्म गेला. पण शनिवारी, शब्बाथला, आमच्या बगदादी ज्यूंच्या सिनेगॉगात संदेष्ट्यांचं पुस्तक वाचावं ते त्यानंच, असा गळा.

मुराद कंत्राटदारानं कुजक्या फळ्यांची परांची बांधली. तिच्यावरून हेस्केलचा एकुलता एक नईम पडला आणि गेला. दोन वर्षं झाली. मुराद चार घरं सोडून राहतो, पण मेल्याचं पाऊल आमच्या दाराकडे वळलं नाही. उलट सिनेगॉगला मखमली पडदा दिला, त्यावर सोन्याच्या धाग्यानं माझ्या भाच्याचं नाव! पोराला मारायचं आणि वर त्याच्याच नावानं मिरवायचं. आमची माणसंही अशी, की लगेच त्याला पहिल्या बाकावर बसवलं.

शब्बाथला अमावास्येनंतरचा नवा चंद्र आला, की यशयाचा शेवटचा अध्याय वाचतात. त्याचं शेवटचं वचन भयंकर आहे: बंडखोरांची प्रेतं, न मरणारे किडे, न विझणारी आग. तेवढ्यावर संपवायचं नाही, अशी आमची रीत. वाचणारा मागे जातो आणि आधीचं वचन पुन्हा म्हणतो, की सगळी माणसं देवासमोर येऊन वाकतील. लोकांनी घरी जाताना आशा घेऊन जावं म्हणून.

शुक्रवारी मी हेस्केलला बजावलं, "या खेपेला मागे जायचं नाही. किड्यांवरच थांब. जाऊ दे त्या मुरादला तसाच घरी."

"बघू," तो म्हणाला.

बायकांच्या जाळीआडून मी बघत होते. तो किड्यांपाशी आला आणि थांबला. नजर मुरादवर. मुरादची मान खाली गेली. माझ्या शेजारी त्याची बायको रुमाल चावत होती, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हाताऱ्यांची चुळबुळ सुरू झाली. "अरे, मागचं म्हण की."

हेस्केलनं आधीचं वचन म्हटलं. सावकाश, एकेक शब्द. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अंगणात मुराद हात पुढे करून आलाच. "शब्बाथ शालोम, हेस्केलभाऊ. दयेचं वाचलंस. मिटलं म्हणायचं ना आता?"

हेस्केलनं हात घेतला नाही. "देव माफ करतो ते देवाशी केलेलं. नईमची माफी तुला माझ्याकडे येऊन मागावी लागेल. ते वचन म्हणतं, येतील. तू आलास कधी?"

"पडदा दिला की मी."

"पडद्याला बाप नसतो, मुराद."

घरी आल्यावर मी भांडले. "एवढं बोलायचं होतं, तर वाचलंस कशाला?"

"वाचलं नाही, तर तो येणार कसा?" असं म्हणून त्यानं नईमची खुर्ची उचलली आणि दाराबाहेर ठेवली. "आला तर उभ्या उभ्या परत जायला नको."

आता दर शब्बाथला हेच. तो खुर्ची बाहेर ठेवतो, मी आत आणते, तो पुन्हा बाहेर ठेवतो. त्या माणसासाठी माझ्या नईमची खुर्ची! या वेळी खिडकीतून दिसलं, मुराद गल्लीच्या तोंडाशी आला, खुर्चीकडे बघत उभा राहिला आणि मागे फिरला. भ्याड कुठला. त्याला हाक मारायला मी काही जाणार नाही.

पण खुर्ची मात्र मी आज आत आणली नाही.