डब्यातली साखर

नाताळ म्हटला की मला खारघरच्या आमच्या सोसायटीतल्या, समोरच्या ख्रिस्ती काकूंचे गोड, कुरकुरीत कलकल आठवतात. दिवाळीला मी त्यांना डबाभर फराळ द्यायचे आणि तोच डबा नाताळात कलकलांनी भरून परत यायचा. शेजाऱ्याचा डबा रिकामा देत नाहीत, घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालतात, हे त्यांना मीच सांगितलं होतं. “माझ्यावर कशाला येईल साखरेची वेळ?” म्हणून त्या हसल्या होत्या.

यंदा दिवाळी झाली आणि काकू गेल्या.

तरी नाताळच्या दिवशी नवऱ्याने मुलांबरोबर मलाही मॉलमधलं झाड बघायला ओढत नेलं. फोटोसाठी ती ढकलाढकली, ती कर्कश गाणी. माझं डोकंच उठलं. येताना केक घेतला, कारण संध्याकाळी हा चार माणसांना घरी बोलावून बसला होता.

पाहुणे आले आणि मागोमाग काका दारात उभे राहिले. आत या म्हटलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. आमचा डबा माझ्या हातात दिला आणि ते उलट्या पावली परत गेले.

“कलकल आले!” म्हणत मुलं धावली. मी झाकण काढलं.

तळाशी चिमूटभर साखर होती.