पापडखाराचं पाणी

अकरावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात आईने पापडखाराचं पाणी पहिल्यांदा माझ्यावर सोपवलं. ताईच्या सासरी, नागपूरला जायचे ते पापड. लग्नानंतरचे पहिलेच, म्हणून आईचा जीव त्यात अडकलेला. उडीद तिने स्वतः निवडून दळून आणले होते. आमचं गाव हिंदी मुलखातलं, लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच. समोरच्या काकू लाटायला आल्या होत्या.

पितळी पातेलं कल्हईला गेलं होतं. मी अ‍ॅल्युमिनियमचं घेतलं, आई ज्याला जर्मनचं म्हणते ते. पाणी, मीठ, पापडखार घालून गॅस लावला आणि पाहत उभी राहिले.

पाणी नुसतं कोमट होतं, तरी कडेला बारीक बुडबुडे धरले. एकेक सुटून वर येऊ लागला, मग ओळीच्या ओळी. भांडं झोपेत श्वास घेतंय असं वाटत होतं. उकळी आल्यावर गॅस बंद केला, तरी बुडबुडे थांबेनात. खिडकीतलं ऊन त्यांच्यावर हलत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मला ते फार सुंदर वाटलं.

पाणी गार झाल्यावर गाळून काकूंपाशी ठेवलं आणि परत आले, तेव्हा पातेलं दिसलं. पाणी होतं तिथवर काळं पडलेलं, वरची कड मात्र चकचकीत. आणि केमिस्ट्रीचं पान आठवलं: खार धातूला खातो, हायड्रोजन उडून जातो, धातू पाण्यात उतरतो. परीक्षेत हे मी इंग्लिशमध्ये लिहिलं होतं. मराठीत कसं सांगणार? माझं मराठी ऐकून काकू हसायच्या, म्हणून त्यांच्यासमोर मी गप्पच असायची. पातेलं घासून टाकलं असतं, तर कुणाला कळलंही नसतं.

बाहेर काकूंनी पिठावर त्या पाण्याची वाटी धरली.

"काकू, मत डालो!"

"अगं बाई, बोलली! तेही हुकूम सोडत."

"काय झालं?" आईने विचारलं.

"त्या पाण्यात भांडं उतरलंय. खाराने जर्मनचं भांडं खाल्लं."

"खार भांडी खातो होय? शाळेत हेच शिकवतात वाटतं!" काकू हसल्या.

मी पातेलं आणून समोर ठेवलं. आईने आतून बोट फिरवलं. बोट काळं झालं. ती पिठाच्या परातीकडे बघत राहिली.

"थेंबही पडला नाही अजून," काकू हळूच म्हणाल्या.

आईने पाणी मोरीत ओतलं. आता ओरडणार, म्हणून मी मान खाली घातली.

"मग कशात करू?" तिने मला विचारलं.

"स्टीलच्या."

ती आत गेली. काकूंनी चटईवर सरकून जागा केली. "बैस. पाणी होईपर्यंत सांग, कसं खाल्लं ते. हिंदीत सांग, चालेल."

मी बसले आणि सांगू लागले.