आईचे पाण्यातले देव

करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझ्या धाकट्या भावाला ॲम्ब्युलन्समधून नेलं, त्याच दुपारी आईनं देव्हाऱ्यातले सगळे देव उचलून स्टीलच्या पातेल्यात, पाण्यात ठेवले. आमच्याकडे ही रीत आहे. घरावर संकट आलं की देव पाण्यात घालायचे आणि ते टळलं की बाहेर काढायचे. तो बरा होऊन घरी आला की काढीन, असं ती म्हणाली. तो आला नाही. देव अजून पातेल्यातच आहेत.

हे लिहितानाही माझी चिडचिड होते. घाटकोपरचं आमचं घर दोन खोल्यांचं. ओट्याशेजारी रिकामा देव्हारा आणि त्याच्यासमोर पाटावर ते पातेलं. आत रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, महादेवाची पिंड आणि कुलदेवीचा चांदीचा टाक, सगळे पार बुडालेले. रोज आंघोळ झाली की आई जुनं पाणी तुळशीत ओतते आणि नवं भरते. फूल नाही, कुंकू नाही, आरती नाही. गणपतीत आमच्याकडे गणपती येत नाही. तिच्या भजनी मंडळाच्या बायका दोन दिवस मनोरीला गेल्या, तेव्हा हिनं नाही म्हटलं. का, तर पाणी कोण बदलणार? मी बदलणार नव्हते. भाऊ गेल्यापासून मी देवाचं नाव टाकलं होतं आणि त्या पातेल्याला बोटही लावत नव्हते. मला देव नको होते, पण ते पाण्यात बसलेलेही नको होते. त्यांना काढा, पुसा, जागेवर ठेवा आणि विषय संपवा, एवढंच माझं म्हणणं होतं.

"आई, तो आता यायचा नाहीये," असंही मी एकदा तोंडावर बोलून टाकलं.

"माहितेय मला. वेडी समजतेस काय?"

"मग काढ ना त्यांना!"

"असू देत," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. तिच्या या 'असू देत'पुढे कुणाचंच काही चालत नाही. मावशीनं सांगून पाहिलं, भटजींनी शांती करून घ्या म्हणून सुचवलं, शेजारच्या काकूंनी अशुभ असतं म्हणून भीती घातली. सगळ्यांना चहा मिळाला आणि देव होते तिथेच राहिले.

मी अंधेरीच्या एका हौशी गायकवृंदात गाते. पाश्चात्त्य संगीत, चार आवाजांत, बहुतेक मंडळी कॅथलिक. बायकांच्या खालच्या पट्टीतल्या आवाजांत मी एकटीच मराठी हिंदू. ऑफिस सुटलं की मेट्रो पकडून आठवड्यातून दोनदा जाते. आमचा कंडक्टर वसईकडचा तरुण, मराठी झकास बोलतो. गेल्या वर्षी त्यानं एका ऑर्केस्ट्राबरोबर करायला गेल्या शतकातल्या एका अमेरिकन संगीतकाराची सिंफनी निवडली. पहिल्याच दिवशी त्यानं आम्हांला बसवून सांगितलं की त्या शतकात तिकडे असे बरेच संगीतकार झाले. कुणी चर्चच्या बाकांवर लहानाचे मोठे झालेले, कुणी ज्यू. महायुद्धं पाहिली, आपली माणसं गमावली, श्रद्धा तर सुटेना आणि धरवेही ना. मग त्यांनी अख्खा ऑर्केस्ट्रा घेऊन देवाशी वाद घातला. या संगीतकाराचा बाप चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि याचा मुलगा लहानपणीच गेला होता.

मी कान टवकारले. देवाशी भांडण? मग हे आपलंच काम.

पहिल्या भागात आम्हांला शब्द एकच होता. 'का?' तोच शब्द कधी कुजबुजून, कधी ट्रंपेटच्या वरताण ओरडून. मला तो भाग इतका आवडला की मी घरी भांडी घासतानाही तोच म्हणायचे. दुसऱ्या भागात आम्ही गप्प, फक्त ड्रम आणि एक चेलो. आणि तिसऱ्यात त्या माणसानं माती खाल्ली. व्हायोलिनचे मऊ मऊ सूर सुरू होतात आणि आम्ही म्हणायचं काय, तर तू जवळ आहेस, तू होतासच, मी विसावलो. मध्ये काही घडत नाही. कुणी काही सांगत नाही, समजावत नाही. एक मोठी शांतता आणि थेट समेट! मला तो भाग गाताना दातांखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

"ताई," कंडक्टर एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "पहिला भाग तुम्ही असा गाता की मला घाबरायला होतं. आणि हा भाग लाइटचं बिल वाचल्यासारखा. जरा विश्वास ठेवा ना यार त्याच्यावर."

"कुणावर? संगीतकारावर की देवावर?"

"आत्ता माझ्यावर ठेवलात तरी चालेल," तो म्हणाला. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

तरीही याच तिसऱ्या भागामुळे माझ्या डोक्यात एक कल्पना आली आणि मी स्वतःवर भलतीच खूश झाले. आईला कार्यक्रमाला न्यायचं. मुलगा गेलेला एक बाप देवाशी भांडतो आणि शेवटी भांडण मिटवतो, हे तिनं डोळ्यांनी पाहायचं, कानांनी ऐकायचं. भटजींना जमलं नाही ते ऑर्केस्ट्राला जमेल. जे मला स्वतःला गाता येत नव्हतं ते आईच्या गळी उतरवायला मी निघाले होते, आणि यात काही गडबड आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

तिला मी आधी सगळं समजावून सांगितलं. पहिल्या भागात तो विचारतो का, शेवटी त्याला शांती मिळते. शेवटाकडे नीट लक्ष दे, असं तर मी तीनतीनदा बजावलं. "परीक्षा आहे काय माझी?" ती म्हणाली. पण ठेवणीतली साडी नेसली. रविवारी संध्याकाळी मेट्रोनं आम्ही अंधेरीला गेलो आणि मी तिला पुढच्या रांगेत बसवून आले. मांडीवरची पर्स तिनं घट्ट धरली होती.

पहिला भाग आम्ही जीव तोडून गायलो. मी आईकडे पाहत होते. ती जराशी पुढे झुकून बसली होती. चेलो वाजत असताना तिनं डोळे मिटले आणि मला वाटलं, चला, काम होतंय. मग ती मोठी शांतता आली, व्हायोलिन सुरू झाली, कंडक्टरनं आमच्याकडे हात केला आणि माझा आवाजच फुटेना. समोर आई बसलेली आणि तिच्या तोंडावर म्हणायचं की तू होतासच? भाऊ ऑक्सिजनसाठी तडफडत होता तेव्हा तू कुठे होतास? मी नुसते ओठ हलवले. शेजारच्या बाईचा आवाज खणखणीत होता, त्यामुळे कुणाला काही कळणार नव्हतं. टाळ्या पडल्या.

परतीच्या मेट्रोत मी तिला काही विचारलं नाही, मुरू दे म्हटलं. घरी येऊन मी चहा ठेवला आणि आता मात्र राहवेना.

"काय मग? आवडलं?"

"भांडला चांगला," आई म्हणाली. "मधे देव काही बोलला काय त्याच्याशी? मला कळलं नाही म्हणून विचारते."

"मधे शांतता असते. मग तो शेवट."

"म्हणजे नाही बोलला."

"नाही."

"मग घाई केली त्यानं," आई म्हणाली आणि बशीत चहा ओतला.

माझं डोकंच फिरलं. इतके महिने केलेला सगळा खटाटोप पाण्यात. "घाई? अगं, आयुष्यभर झगडला तो! आणि तू किती वर्षं हे पातेलं घेऊन बसणारेस? काय मिळणारे यातून? घराची पार वाट लागलीये, आई! सण नाही, वार नाही, तू कुठे जात नाहीस, येत नाहीस. सोडून दे ना आता!"

"मी पोराला बरं करा म्हटलं होतं, ते त्यांनी ऐकलं नाही. बरं, नाही तर नाही. पण का नाही, ते सांगावं ना? तोपर्यंत बसा म्हटलं पाण्यात." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "मी गप्प बसले तर माझ्या पोराच्या वतीनं विचारणारं आहे कोण?"

"मी आहे ना!" मी ओरडलेच.

"तू? तू तर त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीस." मग बशी खाली ठेवून ती म्हणाली, "आणि एवढा तुला तो शेवट पटलाय, तर गायली का नाहीस?"

मी कप उचलून चहाला फुंकर घालायला लागले.

"नुसतं तोंड हलत होतं तुझं. शाळेच्या प्रार्थनेत उशिरा पोचलीस की करायचीस, तसं. मला कळत नाही होय?"

मला इतकं रडू आलं की चहाचा कप हातातून खाली ठेवावा लागला. इतकी वर्षं मी समजत होते की आई अडकून पडली आहे आणि मी मोकळी झाले आहे. तिनं माझी समजूत वगैरे काढली नाही. उद्या डबा हवाय का, एवढंच विचारलं.

सकाळी तिचे पाय सुजले होते, बसून बसून. ती आंघोळ करून आली, पातेल्याशी वाकायला गेली आणि भिंतीला हात टेकून उभी राहिली. मी ऑफिसच्या कपड्यांतच पुढे झाले. पातेलं उचललं तर चांगलंच जड होतं. एका हातानं देव अडवून मी पाणी तुळशीत ओतलं. बाळकृष्ण बोटांना बुळबुळीत लागला, म्हणून काढून नळाखाली धरला आणि अंगठ्यानं चोळला. आई मागून बघत होती. पुसून तो देव्हाऱ्यात ठेवायला एक क्षण पुरला असता, आणि तिनं कदाचित मला अडवलंही नसतं.

मी पातेलं काठोकाठ भरलं आणि बाळकृष्णाला परत आत बसवलं.

"बोल की रे," मी म्हटलं. "दोघी विचारतोय आता."