रिकाम्या खुर्चीशी डाव

लाओ सुत-केंग मकाऊच्या जुन्या बंदरालगत खारवलेली मासळी विकत होती, तोवर तिला कोणी घाबरत नव्हतं. मग नवरा गेला, दुकान दिराने रीतसर ताब्यात घेतलं, आणि तिच्या वाट्याला थोडी रोकड आणि भरपूर दुपारी आल्या. त्या दुपारी तिने पोकरच्या टेबलावर घालवायला सुरुवात केली. आधी कसिनोच्या खालच्या मजल्यावर, जिथे सुट्टीवर आलेली पोरं हरायला बसतात. मग वरच्या मजल्यावर. साठीला टेकली तेव्हा ती सर्वांत आतल्या खोलीत पोहोचली होती, जिथे एका डावात बंदरातली एखादी बरी बोट इकडची तिकडे होते. तिथेही ती दुकानात बसल्यासारखीच बसे. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर समोरच्याच्या गळ्यावर. घासाघीस करणारं गिऱ्हाईक खोटं बोलण्याआधी आवंढा गिळतं, एवढ्या एका ज्ञानावर तिचं बरं चाललं होतं.

सगळे तिला केंग-जे म्हणत. जे म्हणजे ताई. फक्त फान-पाक तिला, घरातल्या धाकटीला म्हणावं तसं, आ-केंग म्हणायचे. ते खोलीतले सर्वांत वडील, त्यामुळे 'पाक' हा काकांचा मान त्यांना कारखानदारांनीही विनातक्रार दिला होता. निवृत्त बांधकाम कंत्राटदार. दारूला शिवत नसत. खेळताना हाताशी कपभर गरम पाणी, आणि ते निवलं की दुसरं. बायको नव्हती, मुलगा व्हँकुव्हरला, आणि मुलाबद्दल विचारलं की ते म्हणत, "तिकडे थंडी फार आहे." बस्स.

केंग-जेला भादव्यातल्या मोठ्या स्पर्धेत टिकवायचं, हे फान-पाकनी मनावर घेतलं होतं. ती याआधी दोनदा त्या स्पर्धेत उतरली होती आणि दोन्ही वेळा पहिल्याच दिवशी बाद झाली होती, तीही एकही मोठा डाव न हरता. नुसती वाळून गेली होती. कारण उघड होतं. रोजच्या खेळात चांगल्या पानांची वाट बघत बसलं तरी चालतं. स्पर्धेत चालत नाही. पोकरमध्ये प्रत्येक डावाला दोघांना, पानं बघण्याआधीच, ठरलेले पैसे टाकावे लागतात. त्याला ब्लाइंड म्हणतात, आणि ती पाळी टेबलाभोवती फिरत सगळ्यांवर येते. रोजच्या खेळात ही रक्कम तेवढीच राहते. स्पर्धेत घड्याळाबरोबर वाढत जाते. जो वाट बघतो त्याला घड्याळ खातं. जगायचं असेल तर हातात काही नसताना दणकून चाल करायची आणि दुसऱ्याने नाइलाजाने टाकलेले ब्लाइंड उचलायचे.

केंग-जेला नेमकं हेच जमत नव्हतं. ज्याने राजीखुशीने पैसे टाकलेत त्याला ती सोलून काढी. पण नाइलाजाने टाकलेले पैसे उचलायचे म्हणजे तिला देवळातल्या ताटातून फळ उचलल्यासारखं वाटे.

"आ-केंग, तुझी पानं विसर," फान-पाक म्हणायचे. "माझ्याकडे बघ. मला हे ब्लाइंड वाचवायचेत असं वाटतंय का?"

"नाही वाटत."

"मग उचल की!"

"तुमचे?"

"मग काय नगरपालिकेचे? अगं, सरावासाठी मी दुसऱ्या कोणाचं घर फोडायला सांगू? रोज माझे खा. एकदा माझे खाल्लेस की कोणाचेही पचतील."

समोर फोशानचा चोई शेठ बसलेला असे. फरशांचा कारखाना, बोटात पाचूची अंगठी, आणि नशीब उजळावं म्हणून खेळायला निघताना घरातले सगळे दिवे चालू ठेवणारा माणूस. तो म्हणे, "पाक, बाई मासळी विकत होती. तिला खारवायला येतं, चोरायला नाही."

"शिकेल," फान-पाक म्हणत. "आधी म्हाताऱ्यापासून सुरुवात."

पण तिने एकदाही त्यांच्या ब्लाइंडवर पोकळ चाल केली नाही. चिप्सपर्यंत, पैशांऐवजी मांडलेल्या चकत्यांपर्यंत, हात जाई आणि पानं टाकून मांडीवर परत येई. तरी फान-पाकनी एका दुपारी तिला हाताला धरून खाली नेलं आणि दोघांची नावं स्पर्धेत घातली. प्रवेशाचे पैसे तिथल्या तिथे भरले. पुढच्या आठवड्यात ते घरी, आरामखुर्चीत, टीव्ही चालू असताना गेले. शेजाऱ्यांना कळलं ते टीव्हीवर तोच कार्यक्रम दुसऱ्यांदा लागला तेव्हा.

आणि चिनी पंचांगातला सातवा महिना लागला.

या महिन्यात गेलेल्यांना सुटी असते. फुटपाथवर पत्र्याच्या डब्यांत कागदी नोटा जळतात, कोपऱ्याकोपऱ्यावर भात, टोफू आणि संत्री मांडलेली असतात, आणि देवळासमोरच्या नाटकाला पहिली रांग रिकामी सोडतात. तिथे कोण बसलंय हे कोणी विचारत नाही.

"पाक येणारच," चोई शेठने पहिल्याच दुपारी जाहीर केलं. "मुलगा व्हँकुव्हरला. घर बंद. मग माणूस जाईल कुठे? इथेच येणार. त्यांची खुर्ची भरायची नाही."

"खेळायला आले तर?" कोणीतरी विचारलं.

"तर पानं वाटायची. काय उभं ठेवायचं त्यांना?"

व्यवस्थापकाला विचारलं. त्या खोलीत खुर्चीचं भाडं तासावर असतं. गेलेल्या माणसाला खेळू देण्यास कसिनोची हरकत नव्हती, फक्त भाडं वेळेवर यायला हवं होतं. ते सगळ्यांनी वाटून घेतलं. खुर्चीसमोर चिप्सची माफक रास ठेवली, शेजारी गरम पाण्याचा कप. आ-मान नावाची डीलर होती, पत्ते वाटायची. फान-पाक असल्यापासून तीच त्या टेबलावर होती. ती त्यांच्यासमोर दोन पानं टाकी, त्यांची पाळी आली की पानं उचलून बाजूला सारी, आणि खेळ पुढे जाई.

अडचण ब्लाइंडची आली. फान-पाकवर पाळी आली की आ-मान त्यांच्या राशीतून पैसे पुढे सरकवी. आता सातव्या महिन्यात, मेलेल्या माणसाने टाकलेल्या पैशांवर चाल कोण करणार? पहिल्या दिवशी चोई शेठने अदबीने पानं टाकली. पुढच्याने टाकली. मग सगळ्यांनी टाकली, आणि पैसे, वर शेजाऱ्याचे ब्लाइंड घेऊन, खुर्चीकडे परत गेले. त्या दिवसापासून तोच रिवाज झाला. बाकी डावांत लोक एकमेकांना फाडून खात, आणि मध्येच एका डावाला सगळे एकदम सभ्य होत.

पंधरवड्यात खुर्चीपुढची रास दुप्पट झाली. टेबलावर सातत्याने जिंकणारा एकच खेळाडू होता, आणि तो मेलेला होता.

कपातलं पाणीही कमी होई. खोलीतला एसी फार जोरात आहे, पाणी उडणारच, असं व्यवस्थापक म्हणाला. त्यावर चोई शेठने विचारलं की मग शेजारचा माझा कप का भरलेला राहतो. व्यवस्थापकाला तेवढ्यात बाहेर काम निघालं.

केंग-जेला पाण्याचं काही वाटलं नाही. ती आ-मानचे हात बघत होती. खुर्चीची पानं उचलण्याआधी ते हात थांबत. फान-पाक विचार करायला घेत तेवढाच वेळ. गचाळ पानं आली असावीत तशा वेळी पटकन उचलत, आणि काही वेळा इतके रेंगाळत की चोई शेठ बोटातली अंगठी फिरवायला लागे.

चहाच्या वेळी तिने आ-मानला बाजूला गाठलं. "त्यांच्या पाळीला थांबतेस का गं तू?"

"मी थांबत नाही, केंग-जे," आ-मान म्हणाली. "हात थांबतो."

"आणि मग?"

"मग सुटतो." तिने हाताकडे उसन्या आणलेल्या वस्तूसारखं पाहिलं. "हे वरती सांगू नका. माझी बदली फाशांच्या टेबलावर करतील."

स्पर्धा चार दिवसांवर आली तेव्हा केंग-जेने ठरवलं की आता पुरे. रोज माझे खा, असं म्हाताऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. मग हा आदर कसला? ब्लाइंड खुर्चीवर होते. एकामागून एक पानं पडली. तिच्या हातात काहीच नव्हतं. तिने चिप्सची चळत उचलली आणि टेबलावर आखलेल्या रेषेपलीकडे ठेवली.

आ-मानचा हात खुर्चीच्या पानांवर जाऊन थांबला. थांबला तो थांबलाच.

"केंग-जे," चोई शेठ दबक्या आवाजात म्हणाला, "मागे घे."

"रेषेपलीकडे गेलेली चाल मागे येत नाही, शेठ. नियम आहे."

"नियम जिवंतांचे आहेत! घे म्हणतो ना. बघ तिच्या हाताकडे."

केंग-जेने हाताकडे पाहिलं नाही. सवयीने खुर्चीकडे पाहिलं, पाठीच्या जरा वर, गळा असतो तिथे. आणि तिला स्पष्ट जाणवलं की तिथे कोणीतरी वाट बघतंय. रागाने नाही. नुसतं, ही पुढे काय करते ते बघत. तिने चिप्स मागे ओढल्या. त्या खोलीत रेषेपलीकडची चाल परत घेतल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं, पण कोणी हरकत घेतली नाही. आ-मानचा हात तत्क्षणी मोकळा झाला.

स्पर्धेचा दिवस उजाडला तो महिना संपायच्या आत. फान-पाकचं नाव यादीत तसंच होतं. व्हँकुव्हरच्या मुलाला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, या महिन्यात वडिलांचं नाव कुठूनही खोडायचं नाही, पैसे गेले तरी चालतील. तेवढी रीत त्याने थंडीतही जपली होती. आयोजकांचा नियम असा की ज्याचे पैसे भरलेत त्याच्या चिप्स मांडायच्या, तो येवो न येवो. गैरहजर माणसाला पानं मिळतात, ब्लाइंड कापले जातात, आणि पानं लगेच टाकली जातात. जागा सोडतीने ठरतात. केंग-जेची खुर्ची भिंतीकडची निघाली. अगदी समोरच्या खुर्चीपुढे चिप्सची कोरी रास होती आणि पाटीवर नाव होतं: फान वेंग-चेओंग.

हा योगायोग आहे असं चोई शेठला सांगितलं असतं, तर त्याने योगायोग या शब्दालाच हरकत घेतली असती.

टेबलावरच्या बाकीच्यांना मात्र ही खुर्ची म्हणजे लॉटरी होती. ब्रेंडन नावाचा आडदांड ऑस्ट्रेलियन होता. खुर्चीवर ब्लाइंड आले की तो पानंही न बघता चाल करायचा. "आजोबा, झोपलात का?" तो म्हणे आणि चिप्स ओढून घेई. कोरियन पोरं हसत. कोण आधी उचलतो याची चढाओढ लागली होती.

केंग-जे पानं टाकत राहिली. खुर्चीवर ब्लाइंड आले की टाकायची, आणि एकदा ती सवय हाताला लागली की बाकीच्यांवर आले तरी टाकायची. घड्याळ पुढे जात होतं, ब्लाइंड वाढत होते. चांगली पानं येत नव्हती.

"मावशी, तुम्ही तरी जाग्या आहात ना?" ब्रेंडनने विचारलं.

ती समोरच्या राशीकडे बघत होती. मग स्वतःच्या. मग पुन्हा समोरच्या. दोन्ही सारख्या उंचीच्या होत्या. सकाळपासून दोन्ही एकाच वेगाने झिजल्या होत्या. एकीच्या मागे माणूस बसलेला होता आणि दुसरीच्या मागे नव्हता, आणि चिप्सना त्यातला फरक कळलेला नव्हता. वर उभं राहून कोणी मोजलं असतं, तर या दोघांतलं मेलेलं कोण हे त्याला पाटी वाचूनच सांगावं लागलं असतं.

असंच दोनदा झालं होतं. ती दोनदा इथे येऊन अशीच, शहाण्यासारखी, गैरहजर राहिली होती.

पुढच्या फेरीत ब्लाइंड खुर्चीवर आले. ब्रेंडन नेमका फोनमध्ये अडकला होता. त्याने पानं भिरकावली. बाकीच्यांनीही टाकली. केंग-जेने आपली दोन पानं कोपऱ्यातून उचलून पाहिली. किलवरची सत्ती आणि चौकटची दुर्री. याहून वाईट हात पोकरमध्ये नाही. तिने अर्धी रास पुढे ढकलली.

इथली डीलर परगावची होती. तिला फान-पाक माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिने खुर्चीच्या पानांकडे हात नेला, आणि तो थांबला.

"काय झालं?" ब्रेंडन म्हणाला. "तिथे कोणी नाहीये, बाई. टाका की पानं."

डीलरने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. केंग-जेने खुर्चीकडे पाहिलं, गळा असतो तिथे. आवंढा कुठे दिसतो का, एवढंच तिला बघायचं होतं.

"वेळ घ्या," ती म्हणाली. "पण मी मागे घेणार नाही."

कोरियन पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. मग डीलरचा हात सुटला, पानं बाजूला गेली आणि ब्लाइंड केंग-जेकडे आले. ती ते मोजायला थांबली नाही. पुढच्या वेळी ब्रेंडनच्या आधी तिने चाल केली. त्याच्या पुढच्या वेळीही. मग तिने ब्रेंडनचेच ब्लाइंड उचलले, आणि तो म्हणाला, "मावशी, झालंय काय तुम्हाला?" दुपार कलेपर्यंत खुर्चीसमोर एकच चिप उरली, तीही केंग-जेनेच घेतली, तीही हातात काही नसताना. पर्यवेक्षक आला, त्याने नाव वाचून बाद झाल्याची नोंद केली आणि पाटी खिशात घातली.

केंग-जेपुढे आता तिघांची असावी अशी रास होती. दिवस संपेपर्यंत ही पुरली असती.

थोड्या वेळाने खेळाडू कमी झाले म्हणून मोडलेल्या टेबलावरून एका तैवानी तरुणाला त्या खुर्चीवर पाठवलं. तो चिप्सचा ट्रे घेऊन आला, बसला, आणि लगेच अर्धा उठला. त्याने सीटवर हात ठेवून पाहिलं.

"इथे कोण बसलं होतं?" त्याने विचारलं. "खुर्ची गरम आहे."



"एक म्हातारे गृहस्थ होते," केंग-जे म्हणाली. "आत्ताच उठले."

तरुण बिचकत बसला. ब्लाइंड त्याच्यावर आले होते. तिने पानांना हातही न लावता चाल केली.