कोंबड्यांच्या पुस्तकातली सात स्थळं

पुस्तकं दान करणं हे रक्तदान करण्यापेक्षा अवघड आहे, कारण रक्त घेताना कोणी तीन प्रतींत यादी मागत नाही.

माझे वडील, नाना, शहादा तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. कळसाडीच्या थोडं पुढे आमचं गाव. ऊस-कापसाच्या त्या पट्ट्यात लोक धान्य साठवायचे आणि नाना पुस्तकं साठवायचे. तीही धान्याच्याच पत्र्याच्या कोठ्यांत, कडुनिंबाचा पाला घालून! (त्यामुळे आमच्या एकाही पुस्तकाला कसर लागली नाही, पण कुठलंही उघडलं की आधी दोन शिंका द्याव्या लागत.) नाना गेल्यावर मी आईला माझ्याकडे नंदुरबारला आणलं. उरली चारशे बारा पुस्तकं. नानांनी ज्या बाजाराच्या गावी पंधरा वर्षं पोरं शिकवली, तिथल्या वाचनालयाला ती द्यावीत असं मी ठरवलं. मनात मोठा अभिमान दाटून आला होता. यादी मागितल्यावर तो थोडा ओसरला.

"यादी लागी, ताई," तिथले ग्रंथपाल लोटनआप्पा म्हणाले.

"फोनवर करून आणलीय मी."

"फोन कपाटमा ठेवता येत नही. कागदवर लागी. तीन."

मी तीन केल्या. मग कळलं की यादी कोठ्यांप्रमाणे चालत नाही, विषयाप्रमाणे लागते. विषयाप्रमाणे केली, तर लेखकाचं नाव आधी हवं होतं. ते केलं, तर झेरॉक्सच्या दुकानातली वीज गेली, आणि वीज आली तेव्हा दुकानदार लग्नाला गेला होता. शेवटी आमच्या ह्यांनी एका रविवारी बसून दोन प्रती हाताने उतरवल्या. आमचे हे म्हणजे अत्यंत शांत माणूस. चारशे बारा नावं दोनदा लिहून झाल्यावर त्यांनी फक्त बोटं मोडली आणि चहा मागितला.

पुस्तकं देण्याचा कार्यक्रम मात्र झोकात झाला. शाल, नारळ, नानांचा फोटो, त्याला हार. वाचनालयाचे अध्यक्ष हिंमतभाऊ स्वतः हजर होते. आता एक गोष्ट सांगून टाकते. हे हिंमतभाऊ तीस वर्षांपूर्वी मला बघायला आले होते. माझ्या लग्नाआधी सात स्थळं येऊन गेली, त्यातलं हे चौथं. प्रत्येक वेळी पाहुणे गेल्यावर चार-आठ दिवसांनी नाना म्हणायचे, "पोरी, आपल्यालेच नही पटनं." आणि मी मान उडवून अभ्यासाला बसायची. तर त्या दिवशी माझ्या हातात माईक आला. मी गणिताची बाई, माईक आला की मला तास भरल्यासारखं वाटतं. मी सांगितलं, "माझ्या नानांनी त्या काळात मुलीला निवडीचं स्वातंत्र्य दिलं. सात स्थळं मी नाकारली, सात!" आणि सात हा आकडा उच्चारताना माझी नजर किंचित अध्यक्षांकडे गेली. (किंचित म्हणजे चांगलं अर्धं मिनिट.) हिंमतभाऊ हातातल्या नारळाची शेंडी सारखी करत राहिले आणि नंतर त्यांनी टाळ्याही वाजवल्या. मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे.

घरी आल्यावर मी आईला सगळं रंगवून सांगितलं. आईने एकच प्रश्न विचारला.

"कोंबड्यासनं पुस्तक बी दिधं का तू?"

"दिलं ना. कुक्कुटपालनाचं. आपल्याकडे कोण कोंबड्या पाळतंय?"

"अवं माय, तेन्हा मांगला पानस्वर नानानी तुन्हा समदा स्थळं लिखेल शेतस."

नानांची एक सवय सांगायची राहिलीच. ते वही कधी विकत घ्यायचे नाहीत. पुस्तकाच्या मागची कोरी पानं कशाला वाया घालवायची, असं त्यांचं म्हणणं. एकदा ते नवापूरला गेले, तिथले पोल्ट्रीचे फार्म बघून भारावले आणि ते जाडजूड पुस्तक घेऊन आले. कोंबडी काही आली नाही, पण मागे कोरी पानं भरपूर होती.

"काय लिहिलंय त्यात?" मी विचारलं.

"माले कथाईन वाचता येवाव? नाना लिखेत नि एकटाच हासेत."

आईला वाचता येत नाही, म्हणून पुढचं मीच कल्पून घेतलं. नानांचा हात तिखट होता. शाळेत ते एकेका पोराच्या प्रगतिपुस्तकावर असा शेरा मारायचे की पोरगा ते गुरांच्या गोठ्यात लपवायचा. असा माणूस नाकारलेल्या स्थळांबद्दल काय लिहील? आणि ते हिंमतभाऊंनी वाचलं तर? आधीच मी भर सभेत त्या बिचाऱ्याला जखम केलेली, आता नानांचं अक्षर त्यावर मीठ चोळणार. नाही, नाही. त्या माणसाची अब्रू वाचवणं माझ्या हातात होतं. दुसऱ्याच दिवशी शाळेतून अर्धी रजा टाकली, ह्यांना बरोबर घेतलं (का विचारलं नाही त्यांनी, ते विचारतच नाहीत) आणि वाचनालय गाठलं.

"लोटनआप्पा, एक पुस्तक चुकून आलंय. कोंबड्यांचं. ते परत द्या."

आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "ताई, पुस्तक रजिस्टरमा चढनं का मंग ते वाचनालयनं. बाहेर काढता येत नही."

"अहो, काल तर मी दिलं!"

"नि कालच मी चढाई दिधं. तुम्हीच म्हनन्यात, काम लवकर करा."

हे खरं होतं. सरकारी-निमसरकारी कारभारात आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं काम वेळेवर केलं होतं, आणि ते नेमकं हेच निघावं! मी पवित्रा बदलला. म्हटलं, मग मला सभासद करा, मी ते वाचायला नेते. आप्पांनी अर्ज काढला. अर्जाला फोटो हवा. फोटो पर्समध्ये होता. आधार कार्डाची झेरॉक्स हवी. ती आणली, तर दोन्ही बाजूंची हवी. दोन्ही बाजूंची आणली, तर त्यावर माझी सही हवी. सही केली, तर मी परगावची, म्हणून गावातला जामीन हवा. समोर पेपर वाचत बसलेल्या एका आजोबांना मी हात जोडून जामीन केलं. ते म्हणाले, गुरुजीनी मन्हा पोऱ्याले शिकाडेल शे, कोठे करू सही? त्यांनी सही केली, तर खाली अध्यक्षांची हवी. ती कुठे मिळेल म्हणून विचारलं, तर लोटनआप्पा शांतपणे म्हणाले, "पन ताई, ते पुस्तक आते भेटाव नही."

"का?"

"अध्यक्षच लई गयात. सकायमा. त्यास्नी पोल्ट्री सुरू करेल शे ना."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मोटारसायकलची किल्ली काढली.

हिंमतभाऊंचं घर गावाच्या टोकाला. अंगणात पिल्लांचा चिवचिवाट, आणि ओसरीवर खाटेवर हिंमतभाऊ, पोटावर पुस्तक उघडं. उघडं होतं ते मागून. मी पायरीवरच थांबले. झालं, वाचलं यांनी, असं मनात म्हटलं आणि माफीचं भाषण जुळवायला लागले.

"या ताई, बठा," ते उठून म्हणाले. "गुरुजीना हात काय झकास शे!"

"भाऊ, नानांच्या लिहिण्याचं मनावर घेऊ नका. ते जरा स्पष्ट लिहायचे. नकार द्यायचा म्हटलं की कारण लिहावंच लागतं..."

"तेच तं लिखेल शे," हिंमतभाऊ म्हणाले आणि माझी परवानगी न विचारता मोठ्याने वाचायला लागले.

"स्थळ पहिले. सारंगखेडा. मुलगा शिक्षक. मुलीने मुलालाच एकोणिसाचा पाढा विचारला. त्याला आला नाही. त्यांचा नकार."

मला वाटलं, वाचताना चुकले. "आपला नकार असेल ते, भाऊ."

"त्यांचा, असंच लिखेल शे. देखा." मी पाहिलं. नानांचं गोल, टपोरं, फळ्यावरचं अक्षर. त्यांचा.

"स्थळ दुसरे. दोंडाईचा. पाहुण्यांनी घड्याळाची तारीफ केली. मुलीने ते सात मिनिटं मागे असल्याचं दाखवून दिलं. त्यांचा नकार. स्थळ तिसरे. तळोदा. उत्तर आलेच नाही. म्हणजे नकार."

चौथ्यापाशी हिंमतभाऊ थांबले आणि घसा साफ करून त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मी वाचलं. 'मुलगा सालस. घर चांगले. मला पसंत. मुलीलाही असावा, मान तिरकी करून पाहत होती. त्यांचा नकार. कारण: मुलगी फार बोलते.'

कारण मी पुन्हा एकदा वाचलं.

"मी सांगेल नव्हतं, ताई," हिंमतभाऊ खाली बघत म्हणाले. "मन्ही मायनी सांगं. काल तुम्ही माईकवर बोलन्यात तवय माले वाटनं, गुरुजीनी पोरले सांगेलच नही. मंग मी कसाले सांगू?"

म्हणजे माझी अब्रू या माणसाने भर सभेत नारळाची शेंडी धरून वाचवली होती, आणि मी त्याची वाचवायला अर्धी रजा टाकून आले होते! पाचवं, सहावं, सातवं मी स्वतःच वाचून काढलं. तीनही वेळा त्यांचा नकार. सातव्याखाली नानांनी पट्टीने रेघ मारली होती आणि रेघेखाली लिहिलं होतं: 'सातही घरांचे नुकसान.'

तिथे मात्र माझे डोळे भरून आले. सात वेळा तो माणूस नकार घेऊन घरी आला, सात वेळा उंबऱ्याबाहेर तोंड नीट करून आत आला आणि मला म्हणाला, आपल्यालाच नाही पटलं. पोरीची मान ताठ राहावी म्हणून आयुष्यभर खोटं बोलला, आणि खरं कुठे लिहिलं, तर कोंबड्यांच्या पुस्तकात. एवढा बाप कोणाला मिळतो? मी पदराने नाक पुसलं. (निंबाच्या पाल्यानेही असेल.)

"आठवं बी शे," हिंमतभाऊ म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. "स्थळ आठवे. नंदुरबार. मुलगा बोलत नाही. मुलगी ऐकत नाही. जमेल."

आमचे हे हसले. आवाज करून हसले! तीस वर्षांत मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. हसून झाल्यावर त्यांनी हिंमतभाऊंना विचारलं, "तुमचं वाचून झालं की मला मिळेल का?" सलग एवढे शब्द त्यांनी माझ्या मागणीच्या वेळीसुद्धा वापरले नव्हते.

आता ह्यांनी त्या वाचनालयाचं सभासदत्व घेतलं आहे. दोन्ही बाजूंची झेरॉक्स, जामीन, सगळं. दर पंधरा दिवसांनी मोटारसायकलवर जातात आणि तेच पुस्तक पुन्हा स्वतःच्या नावावर करून आणतात. नंदुरबारात शेजारी विचारतात, साहेब पोल्ट्री काढताय का. घरी कधी मी चढ्या आवाजात सुरू केलं, की हे वाद घालत नाहीत. उठतात, पुस्तक आणतात, मागून उघडतात आणि माझ्यासमोर ठेवतात. मीही हार मानत नाही. 'सातही घरांचे नुकसान' ही ओळ मी दर वेळी खणखणीत आवाजात, आईला आतल्या खोलीत ऐकू जाईल अशी वाचते. बाकीच्या ओळी मला चष्म्याशिवाय दिसत नाहीत.